सल्ला : चिऱ्याचं घर, मंगलोरी कौलं आणि ‘सगळं पाडू’ म्हणणारा कंत्राटदार

वाचकाचं पत्र :

“राजापूर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे, साधारण ४० बाय ३० फूट. थोरली काकू सांगते त्याप्रमाणे १९३०-३५ च्या सुमारास बांधलेलं. भिंती चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या, दीड फूट जाड. वर मंगलोरी कौलं, वासे फणसाचे आणि किंजळीचे. मागच्या पडवीचं छप्पर दोन पावसाळे गळतंय, तिथल्या वाशांना वाळवी लागली आहे. पुढच्या ओटीचे चार खांब आणि मुख्य चौकट मात्र ठणठणीत आहेत. कंत्राटदार म्हणतो, सगळं पाडू, स्लॅब टाकू, लाकूड-कौलांचे पैसे बिलातून वळते करून घेऊ. आम्हा भावंडांचा जीव होत नाही. जुनं सामान पुन्हा वापरून घर नीट करता येईल का? काय ठेवावं, काय टाकावं? आणि कौलांवर १८६५ असं उठवलेलं आहे, म्हणजे घर त्याहून जुनं असेल का?”

आमचं उत्तर :

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. १८६५ हे कौलाचं साल नाही. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला नेत्रावती नदीच्या काठी कौलांचा कारखाना काढला, त्याचं ते साल. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक कौलावर तेच उठवलं जायचं. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता इंग्रज सरकारने ताब्यात घेतली आणि पुढे ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टच्या नावाने चालले. तेव्हा कौलावर बासेल मिशनचं नाव असेल तर ते बहुधा युद्धाच्या आधीचं आहे. काकूंचं म्हणणंही त्यामुळे खोटं ठरत नाही, कारण कौलं एका घरावरून उतरवून दुसऱ्यावर चढवण्याची चाल कोकणात जुनीच आहे. तुमच्या घरावर ती आधीच एकदा पुन्हा वापरलेली असू शकतात. हे लक्षात असू द्या, म्हणजे ‘जुनं सामान परत कसं लागणार’ असं कोणी म्हणालं तर उत्तर तयार राहील.

आता मुख्य मुद्दा. भिंती पाडू नका. पत्रावरून भिंती खचल्याचं किंवा फुगल्याचं दिसत नाही. दुखणं छपराला आणि मागच्या पडवीला आहे. छप्पर पूर्ण उतरवून, निवडून, पुन्हा चढवायचं आणि भिंती जागेवर दुरुस्त करायच्या, एवढं काम पुरेसं आहे. स्लॅबचा विचार असेल तर आधी वजनाचा हिशेब बघा. वळचणीसकट तुमच्या छपराचं क्षेत्रफळ साधारण १,८०० चौरस फूट होईल. कौलं, रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या), वासे धरून त्याचं वजन ११ टनांच्या आसपास भरतं. त्याच घरावर ५ इंची स्लॅब टाकला तर वळचण न धरताही नुसतं काँक्रीट ३५ टन. मातीत बांधलेल्या, वर काँक्रीटचा पट्टा नसलेल्या भिंतीवर तो भार टाकता येत नाही. म्हणून मग कंत्राटदार भिंतीही पाडायला सांगतो, आणि एका स्लॅबपायी अख्खं घर जातं.

करार लिहिताना ‘पाडणे’ या शब्दाऐवजी ‘उतरवणे’ लिहून घ्या आणि ते काम ठोक रकमेवर देऊ नका. ठोक रकमेत मजुराला घाई असते. कौल हातात देण्यापेक्षा खाली टाकणं स्वस्त पडतं. उतरवणीचं काम रोजंदारीवर, तुमच्यापैकी एक जण हजर असताना करा. ‘निघालेलं सर्व सामान मालकाचं, मोडीतलं सामान निवड झाल्यावरच जाईल’ अशी ओळही करारात हवी. लाकडाचे पैसे बिलातून वळते करण्याची बोली मान्य करू नका. ज्या चौकटीला तो आज हजार-दोन हजार धरेल, तशी जून लाकडाची चौकट तुम्हाला नवी त्या पैशात मिळणार नाही. एक आधीच सांगतो, यात मजुरी जास्त लागते. सामानावर वाचतं ते बरंचसं सुताराच्या आणि गवंड्याच्या हातात जातं. निव्वळ स्वस्त पडेल म्हणून हे करत असाल तर निराशा होईल. जून लाकूड, थंड घर आणि आजोबांच्या हातची ओटी हवी असेल, तर हाच मार्ग.

दिवाळीनंतर कौलांना हात लावण्याआधी दोन दिवस फक्त मोजमाप आणि खुणा करा. प्रत्येक पाख्याचे (छपराच्या उतरत्या बाजूचे) फोटो आतून आणि बाहेरून काढा. वाशांना अनुक्रम द्या : पुढचा पाखा ‘पु’, मागचा ‘मा’, उजवीकडून डावीकडे १, २, ३. खडू किंवा रंगाने लिहू नका, धुण्या-घासण्यात ते पुसलं जातं. पत्र्याचे दोन बोटांचे तुकडे कापून त्यावर खिळ्याने आकडा ठोकून उठवा आणि तो पत्रा वाशाच्या वरच्या टोकाला लावा. खालचं टोक कदाचित कापावं लागेल. जुन्या सुतारांनी सांध्यांवर पटाशीने केलेल्या रेघांच्या खुणा दिसतील. त्यांचाही फोटो घ्या, कोणती कूस (सांध्यात बसणारं टोक) कोणत्या भोकाची हे त्यावरूनच कळतं.

कौलं आढ्यावरून (छपराच्या माथ्यावरून) खाली अशीच निघतात. आधी आढ्यावरची आणि कोनवाशांवरची चुन्या-सिमेंटात बसवलेली कौलं, मग दोन्ही पाख्यांवरून बरोबरीने एकेक रांग. एकच पाखा पूर्ण रिकामा केला तर दुसऱ्या बाजूचा भार आढं ढकलतो आणि सांधे उघडतात. रिपांवर थेट पाय देऊ नका, शिडी आडवी टाकून तिच्यावर चाला. जमिनीवर चार बोटं वाळू किंवा भाताचा पेंढा पसरून कौलं लांब कडेवर उभी लावा. आडवी थप्पी मारली की खालची फुटतात. तुमच्या छपराला चौरस फुटाला साधारण १.४ या हिशेबाने अडीच हजार कौलं लागतील, तेवढी जागा अंगणात आधी मोकळी करा. अख्खं छप्पर एकदम उघडू नका. घराच्या लांबीतला अर्धा भाग, दोन्ही पाख्यांसकट, उतरवा, त्याखालच्या भिंतीचा माथा लगेच पत्र्याने झाका आणि मग पुढे जा. अवकाळीची एक जोरदार सर मातीच्या दर्जांत (चिऱ्यांमधल्या सांध्यांत) शिरली तर माती वाहून जाते आणि वरचे दोन-तीन थर सुटतात. शिवाय छप्पर हेच भिंतींचा माथा धरून ठेवत असतं. ते निघाल्यावर लांब भिंतींना आतून तिरके टेकू द्या.

कौल निवडण्याच्या दोन परीक्षा आहेत. पहिली आवाजाची : कौल एका हातात लोंबतं धरून बोटाच्या पेराने वाजवा. चांगलं कौल खणखणतं. केसाएवढी चीर असली तरी आवाज भद्द येतो. दुसरी पाण्याची, ही सगळ्यांना नको, प्रत्येक पाख्यातली दहा-बारा कौलं घेऊन करा. कौल दोन विटांवर सरळ ठेवा, पन्हळीची दोन्ही टोकं ओल्या मातीने बंद करा, पाणी भरा आणि सहा तास सोडा. खाली ओल दिसली तर चालेल, थेंब पडला तर त्या पाख्यातली कौलं एकेक तपासा. शेवाळ काढायला नारळाचा काथ्या आणि पाणी पुरतं. तारेचा ब्रश किंवा पाण्याचा दाबाचा फवारा वापरलात तर कौलाची भाजलेली वरची साल जाते आणि पुढच्या पावसाळ्यापासून ते पाणी प्यायला लागतं.

शंभरात दहा-पंधरा कौलं कामातून जातील असं धरा. भर म्हणून नवी आणाल तेव्हा एक चूक हमखास होते : जुनी-नवी एकाच रांगेत मिसळली जातात. प्रत्येक कारखान्याची लांबी आणि खोबण दोन-चार मिलिमीटरने वेगळी असते. दिसायला कौल बसलेलं दिसतं, पण खोबणीत फट राहते आणि वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. म्हणून सगळी निवडलेली जुनी कौलं पुढच्या आणि बाजूच्या पाख्यांवर चढवा. मागचा पाखा आणि पडवी पूर्ण नव्या कौलांची करा. गावात कोणी त्याच छापाची कौलं उतरवत असेल तर ती मिळवणं सगळ्यात उत्तम, पण खरेदीआधी तुमचं एक कौल नेऊन प्रत्यक्ष जोडून बघा.

रिपांचं अंतरही बाजारातल्या मापाने ठरवू नका. तुमची दहा कौलं जमिनीवर एका ओळीत जोडा. पूर्ण ताणून पहिल्या कौलाच्या खुंटीपासून दहाव्याच्या खुंटीपर्यंत मोजा, मग पूर्ण दाबून मोजा. दोन्हींची सरासरी काढा आणि ९ ने भागा. साडेबारा इंचांच्या आसपास आकडा येईल. पाव इंचाची चूक वीस रांगांत पाच इंच होते आणि आढ्याजवळ शेवटचं कौल कापावं लागतं.

लाकूड. इथे घाई करू नका, कारण तुमची खरी दौलत हीच आहे. वासा निघाला की तीन जागा तपासा : भिंतीत गेलेलं टोक, वळचणीचं टोक आणि आढ्याजवळचा सांधा. मधला भाग बहुतेक वेळा चांगला असतो. टोकदार स्क्रू-ड्रायव्हर आडव्या रेषेत जोराने टोचा. दोन-तीन मिलिमीटरवर अडला तर लाकूड जिवंत आहे, अर्धा इंच सहज घुसला तर तो भाग गेला. हातोडीचा आवाज पोकळ आला तर आत वाळवीने पोखरलेलं आहे. बारीक गोल भोकांतून पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर तो भुंगेऱ्याचा आहे आणि अजून जिवंत आहे. नुसती भोकं असून भुसा नसेल तर जुनं दुखणं म्हणून सोडून द्या.

टोक कुजलेला वासा फेकू नका. फूटभर कापून तो पडवीच्या आखूड गाळ्यात लावा. लांबीच हवी असेल तर चांगल्या जुन्या तुकड्याचा तिरका सांधा द्या : सांध्याची लांबी वाशाच्या उंचीच्या किमान तिप्पट, १२ मिलिमीटरचे दोन बोल्ट, आणि सांधा आधारावर किंवा त्याच्या अगदी जवळ, मधोमध कधीही नाही. वासा लोंबून वाकलेला असेल आणि दहा फुटांत बाक इंचाच्या आत असेल, तर तो उलटा करून, बाक वरच्या अंगाला घेऊन लावा. मागच्या पडवीचे वाळवी लागलेले वासे मात्र बाकी लाकडाजवळ रचू नका. पूर्ण पोखरलेले जाळून टाका.

खिळे उपटायच्या आधी मागून टोक सरळ करून हलकेच ठोका, मग पहारेच्या चिमट्याने काढा. पहारेखाली फळीचा तुकडा ठेवा, नाहीतर लाकडावर वळ उठतो. गंजून तुटलेले खिळे आत राहतातच. वाशांतून रिपा किंवा फळ्या चिरून घ्यायच्या असतील तर हातात धरायचं धातुशोधक यंत्र फिरवून प्रत्येक खिळा शोधा. एक खिळा करवतीचं पातं मोडतो, त्यामुळे गिरणीवाले जुनं लाकूड घेतच नाहीत. धातू तपासून आणलंय म्हटल्यावर घेतात. जुन्या रिपा बहुधा खिळ्यांनी चाळण झालेल्या असतात, त्यांचा मोह सोडा. निकामी वाशांच्या मधल्या चांगल्या भागातून २ बाय १ इंचाच्या रिपा काढून घेता येतात.

रचताना खाली फूटभर उंचीचे चिरे, त्यावर लाकूड, दर थरात दोन-दोन फुटांवर आडव्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या वरून खाली एकाच रेषेत. त्या रेषेत नसल्या तर लाकूड पट्ट्यांमध्ये वाकतं. वर पत्रा, बाजू उघड्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लाकूड घामेजतं आणि महिन्याभरात बुरशी धरतं.

धुऊन सुकल्यावर बोरॅक्सचा हात द्या : १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड. ब्रशने दोन-तीन हात, आणि भिंतीत जाणारी टोकं त्याच पाण्यात एक दिवस उभी बुडवा. हे मीठ पावसाने धुऊन जातं, म्हणून आठवडाभर सुकवून वर जवसाच्या तेलाचे दोन हात हवेतच. झाकून जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावण्याची कोकणातली पद्धत चांगली आहे. फक्त हातमोजे घाला, ते तेल कातडी भाजतं. आतल्या लाकडावर ते लावू नका, काळं पडतं.

वाळवी लाकडातून येत नाही, जमिनीतून भिंतीतल्या मातीच्या दर्जांतून वर चढते. त्यामुळे लाकूड कितीही माखलं तरी भिंतीचा पाया तसाच राहिला तर ती परत येईल. भिंत आणि जमीन मिळते तिथे फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात एक लिटर इमिडाक्लोप्रिडचं पाणी (३०.५ टक्क्यांचं औषध, लिटरला २.१ मिलि) सोडतात. परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि विहीर जवळ असेल तर त्या बाजूला हे औषध नको. तिथे दर्जा खरवडून चुन्याने भरा आणि वाळवीचे मातीचे नळ दर महिन्याला मोडत राहा.

ओटीचे खांब आणि मुख्य चौकट ठणठणीत आहेत, त्यांना काढूच नका. खांबाचं बूड तेवढं तपासा. चार-सहा इंच कुजलं असेल तर वरची तुळई जॅकवर तोलून तेवढंच कापा आणि तळखडा (खांबाखालचा दगड) उंच करा. बूड काँक्रीटमध्ये गाडलंत तर तिथे पाणी साचून खांब पाच-सात वर्षांत खालून जाईल. एखादी आतली चौकट काढावीच लागली तर आधी तिला तिरकी पट्टी आणि खाली आडवी पट्टी ठोका, नाहीतर उंबऱ्याचे सांधे उघडून ती परत काटकोनात येत नाही. दारांवर जुना तेलरंग असेल तर कोरड्या पॉलिश-कागदाने घासू नका. त्यात शिसं असू शकतं. ओलं करून खरवडा आणि मुलांना लांब ठेवा.

आता भिंती. चिरा म्हणजे जांभा दगड, तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कडक होतो. लॅटराइट हे त्याचं शास्त्रीय नावही १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅननने विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून दिलं, कारण मलबारात तो विटेसारखा कापताना त्याने पाहिला. याचा तुमच्या कामाशी सरळ संबंध आहे. नव्वद वर्षं हवा खाल्लेला बाहेरचा पापुद्रा हाच तुमच्या भिंतीचं चिलखत आहे. गवंडी ‘चेहरा साफ करतो’ म्हणून तासणी चालवेल, त्याला थांबवा. मागची मधली भिंत काढणार असाल तर चिरे वरून थराथराने हातात उतरवा, माती खरवडा आणि पुन्हा बांधताना हवा लागलेलीच बाजू बाहेर ठेवा. खिळ्याने सहज उकरला जाणारा किंवा पिवळ्या मातीने भरलेला चिरा जोत्यात वापरू नका, आतल्या भिंतीला चालेल.

भिंतीवर निव्वळ सिमेंटचा गिलावा नको. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक आणि घट्ट असतं. भिंतीतली ओल दर्जांतून बाहेर पडू शकत नाही, ती चिऱ्यातून वाट काढते आणि क्षार गिलाव्यामागे साचून चिरा भुकटी होऊन झडतो. मग गिलावा एक दिवस चिऱ्याच्या पापुद्र्यासकट पडतो. दर्जा इंचभर खोल खरवडून, पाणी मारून, चुन्याने भरा : एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. चुन्याची कळी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, उसळून डोळ्यांत जातं. चष्मा लावूनच करा. किमान पंधरा दिवस पाण्याखाली मुरू द्या, गिलाव्यासाठी महिना. वरचा हात १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि दोन-तीन आठवडे ओलं गोणपाट लावा. चुन्यावर काम करणारा गवंडी मिळालाच नाही तर सिमेंट १, चुना २, वाळू ९ हे मिश्रण चालेल. त्याहून कडक नको.

आणि इथे तुमची फुटकी कौलं कामाला येतात. ती फेकू नका, कुटून बारीक चाळा, तीच सुरखी. तीनशे कौलांतून सातशे किलोच्या वर निघेल. चुना १, सुरखी १, वाळू २ असं मिश्रण ओल्या जागीही घट्ट होतं. जोत्याच्या दर्जा, न्हाणीची भिंत आणि आढ्याची कौलं बसवायला ते वापरा. पाण्याच्या परीक्षेत नापास झालेली फिकट, कमी भाजलेली कौलं सुरखीसाठी उलट जास्त चांगली.

संडास-बाथरूम आणि नवं स्वयंपाकघर मागच्या पडवीच्या जागी स्वतंत्र पायावर बांधा आणि जुन्या भिंतीपासून इंचभर सोडा. दोन्ही वेगळ्या गतीने बसतात. जोडलं तर सांध्यावर चीर ठरलेली. वीज आणि पाण्याच्या नळ्या भिंतीवरून न्या. मातीत बांधलेल्या भिंतीत खाच मारली तर चिरे हलतात.

सुरुवात करण्याआधी सगळ्या भावंडांची लेखी संमती आणि ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. नमुना ८ वर घराची नोंद कशी आहे तेही बघून ठेवा. लाकूड दुसऱ्या गावच्या गिरणीत चिरायला न्यायचं असेल तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारा. जुनं असलं तरी रस्त्यात कागद मागितले जाऊ शकतात.

वेळापत्रक असं धरा : दिवाळीनंतर लगेच खुणा आणि चुना भिजवणं, डिसेंबरात उतरवणं, जानेवारी-फेब्रुवारीत लाकूड आणि भिंती, मार्चमध्ये वासे-रिपा, एप्रिलअखेर कौलं. मे महिना उरल्यासुरल्या कामाला मोकळा ठेवा, मृगाच्या भरवशावर काहीही सोडू नका. पाच-पन्नास निवडलेली जुनी कौलं पडवीत बाजूला काढून ठेवा. पहिल्या जोराच्या पावसात बॅटरी आणि खडू घेऊन माळ्यावर जा, जिथे थेंब दिसेल तिथे रिपेवर फुली मारा. पाणी गळतं तिथून शिरलेलं नसतं, वाशावरून ओघळत आलेलं असतं. म्हणून फुलीपासून वर एक-दोन रांगा चढत जाऊन सरकलेलं कौल शोधा आणि उघडीप मिळाली की आतूनच ढकलून बसवा.